आवक-जावक

दिल्लीचं पत्र मिरजेत पोचतं
तेव्हा उत्तराची मुदत कालच संपलेली असते.
आता कागद येत नाही, मेल येतो.
मी त्याची प्रिंट काढतो, शिक्का मारतो, आवक क्रमांक घालतो.
एकोणीस वर्षं हेच.
अधिष्ठाता सात बदलले, शिक्का एकच;
त्यातल्या 'वैद्यकीय'च्या मात्रा झिजून गेल्यात.

मार्चात आलं : हजेरी चेहऱ्यानं लावावी.
शरीररचनेच्या पाच्छापुरे सरांना यंत्र ओळखेना.
मोतीबिंदू काढल्यावर चष्मा सुटलेला,
आणि यंत्राला माणूस ठाऊक तो चष्म्यासकटचा.
सर रोज खिशातून बिनकाचेची जुनी फ्रेम काढायचे,
डोळ्यांवर धरायचे,
हजर व्हायचे,
फ्रेम परत खिशात.
मे महिन्यात आलं : मार्चचे पत्र रद्द समजावे.
जूनमध्ये : मे महिन्याचे पत्र नजरचुकीने.
त्यात 'सुधारित' हा शब्द सहा वेळा. मी मोजला.

जागा वाढल्याचं आलं तेव्हा पेढे वाटले.
पोरं पन्नासनं वाढली. देह वाढले नाहीत.
एका टेबलाभोवती तेरा जण,
मागच्यांना शरीररचना म्हणजे
पुढच्यांच्या एप्रनची पाठ.

आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चार ओळी :
योजनेचे नव्या पोर्टलवर विलीनीकरण होत असल्याने
चालू प्रकल्पांचा निधी पुढील आदेशापर्यंत स्थगित.
आवक क्रमांक ४११७.
मला काय माहीत आत काय आहे. मारला शिक्का.

आत होता तळमजल्यावरचा उणे ऐंशीचा फ्रीजर,
त्यात रक्ताच्या सहाशे बारा नळ्या,
मणेराजुरीच्या, सावळजच्या, द्राक्षबागांत औषध मारणाऱ्यांच्या,
ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात,
ज्यांच्या सदऱ्याची बटणं आता बायका लावतात.
डॉक्टर हुक्केरी मॅडम तीन हंगाम हिंडल्या त्यासाठी.
बरोबर जीनत मुलाणी, प्रकल्प सहायक, कंत्राटी.
नळीवर नाव लिहायचं नसतं, नुसता क्रमांक.
जीनतला नावं सगळी पाठ.

बैठक झाली. समिती झाली.
समितीनं उपसमिती सुचवली. चहा चांगला होता.
कुणी म्हणालं, राज्याकडे मागू;
राज्य म्हणालं, विषय केंद्राचा.
कुणी म्हणालं, गप्प बसा, हेही रद्द होईल.
(तो काही वेडा नव्हता. मार्च आठवा, मे आठवा.)
अधिष्ठाता बाई बराच वेळ खिडकीबाहेरच्या ॲम्ब्युलन्सकडे बघत होत्या.
मग म्हणाल्या, "विजेचं बिल कोण भरणार तेवढं सांगा."

कुणी सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी वायरमन संजय कांबळेला
पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी मिळाली.
तेव्हापासून कँटीनचं बिल जास्त येतं
आणि वडे तेवढेच.
या चिठ्ठीला जावक क्रमांक नाही.

जीनतचा करार संपला. तरी ती गुरुवारी येते,
फ्रीजरच्या दारावरच्या तक्त्यात लिहिते :
उणे अठ्ठ्याहत्तर. उणे एकोणऐंशी.
मी विचारलं, "पगार?"
म्हणाली, "मी त्यांना सांगून आलेय, कळवीन म्हणून."

काल एक माणूस चुकून माझ्या खिडकीशी आला.
सुबराव एडगे, मणेराजुरी.
"माझं रगात हितं हाय म्हनं.
काय निघालं त्यात?"
हुक्केरी मॅडम कोर्टाच्या साक्षीला गेलेल्या.
तो गुरुवारही नव्हता.
मी रजिस्टर उघडलं.
आवक क्रमांक ४३९०. कोणाकडून : स्वतः. विषय : विचारणा.
कार्यवाहीचा रकाना मोकळा ठेवला
आणि पेन त्याच्या हातात दिलं.

सही करायला त्याला वेळ लागला.
पेन दोनदा निसटलं, दोनदा त्यानंच वाकून उचललं.
मागे रांगेतले कुरकुरले नाहीत.
सही रकान्यात मावली नाही,
कार्यवाहीवरून खाली उतरत
पुढच्या ओळीत गेली.

आज सकाळी दिल्लीचं नवीन पत्र आलं.
ते मी उरलेल्या जागेत लिहिलं.